ज्योतिर्विद भास्कराचार्य व त्यांचा व्यासविचार

आपल्या ज्ञातिसंघाच्या वार्षिक स्मरणिकेत थोर पूर्वसूरींचे चरित्र देण्याचा प्रघात आहे. त्यास अनुसरून यंदा आम्ही ज्योतिर्विद भास्कराचार्य यांचे चरित्र वाचकांच्या हाती देत आहोत. देशस्थ मंडळी आचार्यांना आपले मानतात आणि समारंभप्रसंगी त्यांचे नाव अभिमानाने घेतात. हा अभिमान गैर आहे असे कोणीही म्हणणार नाही. परंतु या थोर पुरुषाने नेमके काय केले, असा प्रश्न घरातल्या मुलाने विचारला, तर त्याचे समाधान करू शकणारी वडीलधारी माणसे आपल्यात किती निघतील? म्हणून या लेखात आचार्यांचा केवळ गौरव करून न थांबता त्यांच्या विद्येतील एक विषय आम्ही थोडा विस्ताराने मांडणार आहोत. तो विषय म्हणजे वर्तुळाचा व्यास. प्रत्यक्ष मोजता येत नाही असा व्यास दुसऱ्या मापांवरून कसा काढावा, हे आचार्यांनी ज्या सुगमतेने सांगितले आहे, ती पाहिली म्हणजे त्यांच्या बुद्धीची ओळख आपोआप पटते. शिवाय या विषयाची उदाहरणे आपल्या जुन्नर व आंबेगाव या दोन तालुक्यांत पावलोपावली आढळतात.

कुल, जन्म व शिक्षण

भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६ मध्ये, म्हणजे इसवी सन १११४ मध्ये झाला. प्राचीन ग्रंथकारांच्या जन्मसालाविषयी बहुधा तर्कच करावा लागतो. आचार्यांच्या बाबतीत तशी अडचण नाही, कारण त्यांनी आपले जन्मवर्ष व ग्रंथरचनेचे वय ही दोन्ही स्वतःच नमूद करून ठेवली आहेत. आपले गोत्र शांडिल्य, गाव सह्य पर्वताच्या आश्रयाचे विज्जडविड आणि पिता महेश्वर, हेही त्यांनी सांगितले आहे. हे विज्जडविड म्हणजे आजचे कोणते गाव, याबद्दल विद्वानांत मतभेद आहेत. कोणी खानदेशातील चाळीसगावाजवळचे पाटण म्हणतात, कोणी बीड, तर कोणी विजापूर. आपल्या तालुक्यांकडे हा मान ओढून आणण्याची आमची इच्छा नाही. ज्या सह्याद्रीचा आचार्यांनी उल्लेख केला, त्याच सह्याद्रीच्या कुशीत शिवनेरी, नाणेघाट आणि भीमाशंकर आहेत, एवढा संबंध आपल्याला पुरेसा आहे.

या कुळाची वंशावळ पाटण येथील शिलालेखात कोरलेली आहे. १८६५ साली डॉ. भाऊ दाजी लाड यांनी हा लेख विद्वानांच्या नजरेस आणला. त्यावरून पाहता मूळ पुरुष त्रिविक्रम, त्यांचे पुत्र भास्करभट्ट, पुढे गोविंद, प्रभाकर, मनोरथ, महेश्वर आणि सातव्या पिढीत आपले चरित्रनायक भास्कराचार्य. त्यांचे पुत्र लक्ष्मीधर व नातू चांगदेव. अशा नऊ पिढ्या एकाच लेखात नांदत आहेत. यातील भास्करभट्टांना भोजराजाने विद्यापती ही पदवी दिली होती. घराण्यात ज्योतिष व गणित यांचे अध्ययन पूर्वापार चालत आले होते आणि आचार्यांना ही विद्या बाहेर कोठे शोधावी लागली नाही. पिता महेश्वर हेच त्यांचे गुरू होते, व ही गोष्ट आचार्यांनी कृतज्ञतेने नोंदविली आहे.

ग्रंथसंपदा

वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, म्हणजे ११५० साली, आचार्यांनी सिद्धांतशिरोमणी हा आपला मुख्य ग्रंथ पूर्ण केला. त्याचे चार भाग आहेत. पाटीगणिताचा लीलावती, अव्यक्त राशींचा बीजगणित, ग्रहांच्या गतीचा ग्रहगणित आणि पृथ्वी व खगोल यांच्या स्वरूपाचा गोलाध्याय. यांतील ज्योतिषाच्या भागांवर वासनाभाष्य नावाची टीकाही त्यांनी स्वतः लिहिली. येथे वासना या शब्दाचा अर्थ उपपत्ती असा आहे. नियम सांगून शिष्याने तो मुकाट्याने पाठ करावा, एवढ्यावर त्यांचे समाधान नव्हते. नियम असा का, हेही शिष्यास कळले पाहिजे, असा त्यांचा कटाक्ष होता. पुढे ११८३ साली, एकोणसत्तर वर्षांचे असताना, पंचांगकर्त्यांच्या सोयीसाठी त्यांनी करणकुतूहल हा ग्रंथ रचला. उतारवयातही ज्यांची लेखणी विसावली नाही, अशा पुरुषांपैकी ते होते.

लीलावतीचे नाव घेतले की मोत्याची कथा आठवते. आचार्यांची कन्या लीलावती, तिच्या विवाहाचा मुहूर्त साधण्यासाठी पाण्यात सोडलेली घटिका, वाकून पाहताना तिच्या अलंकारातील मोती घटिकेत पडून बुजलेले छिद्र, टळलेला मुहूर्त आणि कन्येचे नाव अमर करण्यासाठी पित्याने लिहिलेला ग्रंथ, अशी ती कथा आहे. ही कथा अकबराच्या दरबारातील फैजीने १५८७ साली केलेल्या लीलावतीच्या फारसी भाषांतराच्या प्रस्तावनेत येते. आचार्यांच्या स्वतःच्या ग्रंथांत तिचा मागमूसही नाही. तेव्हा ती इतिहास म्हणून सांगणे उचित होणार नाही. मात्र ग्रंथातील काही उदाहरणे एका बालिकेला उद्देशून घातलेली आहेत, हे खरे आहे. ती आचार्यांची कन्या असो वा नसो, बाराव्या शतकात गणिताचा प्रश्न एका मुलीस विचारता येतो, ही गोष्ट आमच्या मते त्या मोत्याहून अधिक मोलाची आहे.

या ग्रंथातील उदाहरणे भुंगे, हंस, सरोवरातील कमळ, खांबावरचा मोर आणि बिळाकडे धावणारा साप अशा सृष्टीतून निवडलेली आहेत. विद्यार्थ्याचे मन रमावे आणि रमता रमता त्याने हिशेब करावा, ही त्यामागील दृष्टी होय. वर्तुळाचे प्रकरणही याच दृष्टीने रचलेले आहे.

परिघावरून व्यास

वर्तुळाचा व्यास ठाऊक असेल, तर परिघ किती? आचार्यांनी याची दोन उत्तरे दिली आहेत. व्यासास ३९२७ ने गुणून १२५० ने भागले असता सूक्ष्म परिघ येतो. २२ ने गुणून ७ ने भागले असता स्थूल, पण व्यवहारास पुरेसा परिघ येतो. एकाच विषयात सूक्ष्म व स्थूल अशी दोन मापे देण्यात त्यांचे शहाणपण दिसते. सुताराच्या कामास जेवढी अचूकता लागते, तेवढी त्याने घ्यावी. ग्रहांचे गणित करणाऱ्याने अधिक घ्यावी. आजच्या गणिताने पाहिले, तर एक किलोमीटर व्यासाच्या वर्तुळात आचार्यांच्या सूक्ष्म नियमाने परिघात येणारी चूक सुमारे सात मिलिमीटर आहे, आणि स्थूल नियमाने येणारी चूक सुमारे सव्वा मीटर. हे सूक्ष्म प्रमाण आचार्यांच्याही आधीचे आहे. आर्यभटांनी ४९९ साली वीस हजार व्यासाला ६२८३२ परिघ सांगितला होता, आणि त्यास संक्षेप दिला की ३९२७ व १२५० हेच अंक येतात.

हाच नियम उलटा फिरविला म्हणजे परिघावरून व्यास मिळतो. परिघास १२५० ने गुणावे व ३९२७ ने भागावे. आचार्यांनी उदाहरण घेतले आहे ते असे. व्यास ७ असेल, तर परिघ २१ पूर्णांक १२३९/१२५०. आणि परिघ २२ असेल, तर व्यास ७ पूर्णांक ११/३९२७. वाचकांनी हा भागाकार स्वतः करून पाहावा.

बैलगाडीच्या चाकाची लोखंडी धाव बसविणारा लोहार हेच गणित आपल्या रीतीने करीत असे. चाकाच्या मधोमध तुंबा असतो, आरे असतात. तेथे सरळ माप घेणे अडचणीचे. चाकाच्या कडेने दोरी फिरविणे मात्र सोपे. दोरीची लांबी कळली की चाकाची रुंदी कळते. समजा, एखाद्या गोल हौदाच्या कडेने फिरविलेली दोरी २२ हात भरली, तर स्थूल नियमाने व्यास बरोबर ७ हात येईल. सूक्ष्म नियमाने त्यात ११/३९२७ हाताची भर पडेल. लीलावतीतील कोष्टकाप्रमाणे हाताची अंगुळे २४ व अंगुळाचे यव ८. त्या हिशेबाने ही भर अवघ्या अर्ध्या यवाएवढी, म्हणजे जवाच्या अर्ध्या दाण्याएवढी होते. स्थूल माप व्यवहारास पुरे, असे आचार्य का म्हणतात, हे यावरून ध्यानी येईल.

ज्या व शर यांवरून व्यास

परंतु सगळा परिघच उपलब्ध नसेल तर काय करावे? जुनी विहीर अर्धी ढासळली आहे, जात्याची तळी फुटून तुकडा तेवढा हाती आला आहे, किंवा मातीच्या रांजणाच्या काठाचे एक खापर मिळाले आहे. अशा वेळी वर्तुळाचा एक कंसच आपल्यापाशी असतो. यासाठी आचार्यांनी धनुष्याची उपमा घेतलेल्या पारंपरिक संज्ञा वापरल्या आहेत. कंस म्हणजे चाप, त्याच्या दोन टोकांना जोडणारी सरळ रेषा म्हणजे ज्या किंवा जीवा, आणि तिच्या मध्यापासून चापापर्यंतचे अंतर म्हणजे शर. धनुष्य, दोरी आणि बाण ज्याने पाहिले आहेत, त्यास आकृतीची वेगळी गरज उरत नाही.

नियम असा आहे. ज्येच्या अर्ध्याचा वर्ग करावा, त्यास शराने भागावे, आणि आलेल्या भागाकारात शर मिळवावा. येईल तो व्यास. आचार्यांच्या उदाहरणात व्यास १० व ज्या ६ आहे. प्रथम शर विचारला आहे, मग शरावरून ज्या, आणि शेवटी ज्या व शर या दोहोंवरून पुन्हा व्यास. शर १ येतो. ज्येचे अर्ध ३, त्याचा वर्ग ९, त्यास १ ने भागले तरी ९, आणि शर मिळविला की १०. ज्या व्यासापासून निघालो त्याच व्यासापाशी परत आलो. शिष्यास आपल्या उत्तराचा ताळा स्वतःच घेता यावा, म्हणून हे उदाहरण असे गोलाकार फिरविले आहे.

आंबेगाव तालुक्यातील एखाद्या मळ्यात ढासळलेल्या गोल विहिरीचा काठ थोडाच शाबूत आहे असे धरू. त्या काठाच्या दोन टोकांमध्ये दोरी ताणली, ती १२ हात भरली. दोरीच्या मध्यापासून काठापर्यंतचे अंतर २ हात आले. १२ चे अर्ध ६, त्याचा वर्ग ३६, त्यास २ ने भागले की १८, आणि २ मिळविले की २०. मूळ विहीर २० हात रुंद होती. आत उतरण्याची गरज नाही, पलीकडचा काठ उरला असला पाहिजे असेही नाही. हा नियम खरा का ठरतो, तर शर ज्या व्यासावर असतो, त्या व्यासाचे ज्येने दोन तुकडे होतात. एक तुकडा म्हणजे शर, दुसरा बाकीचा भाग. या दोन तुकड्यांचा गुणाकार नेहमी अर्ध्या ज्येच्या वर्गाइतका असतो. काटकोन त्रिकोणाच्या नियमावरून हे सिद्ध होते. म्हणून वर्गास शराने भागले की दुसरा तुकडा हाती येतो, आणि दोन्ही तुकडे मिळविले की पूर्ण व्यास.

तुळजा लेण्यातील बारा खांब

या विचाराचे सर्वांत सुंदर उदाहरण आपल्या जुन्नरलाच आहे. शहराच्या पश्चिमेस डोंगरात तुळजा लेणी म्हणून बौद्ध लेण्यांचा समूह आहे. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या या समूहातील चैत्यगृह इतर चैत्यगृहांसारखे लांबट नसून वर्तुळाकार आहे. मध्यभागी स्तूप, त्याच्याभोवती वर्तुळात उभे असलेले बारा अष्टकोनी खांब, त्यापलीकडे प्रदक्षिणेचा मार्ग आणि मग गोल भिंत, अशी त्याची रचना आहे. सगळ्याची रुंदी सुमारे पंचवीस फूट. येथे व्यास मोजावा म्हटले तर दोरी मध्यातून नेता येत नाही, कारण मध्यातच स्तूप उभा आहे.

मग काय करावे? आचार्यांनी दोन हजार व्यासाच्या वर्तुळात बसणाऱ्या समभुज आकृतींच्या बाजू दिल्या आहेत. त्रिकोणापासून नवकोनापर्यंतच्या या यादीत बाकी सर्व उत्तरांना अपूर्णांक लागले आहेत. षट्कोनाची बाजू मात्र पूर्ण १००० आहे. म्हणजे वर्तुळात बसविलेल्या षट्कोनाची बाजू ही व्यासाच्या बरोबर निम्मी असते. बारा खांबांतील एक आड एक खांब घेतले की सहा खांब राहतात आणि त्यांचा षट्कोन होतो. खांब सारख्या अंतराने उभे आहेत असे धरले, तर एका खांबाच्या मध्यापासून त्याच्या पुढचा खांब सोडून तिसऱ्या खांबाच्या मध्यापर्यंतचे अंतर मोजावे आणि दुप्पट करावे. खांबांच्या वर्तुळाचा व्यास मिळाला. स्तूपास धक्का लागत नाही, मध्यबिंदू शोधावा लागत नाही. ज्या अज्ञात पाथरवटांनी हे वर्तुळ आखले, त्यांनी ते आचार्यांच्या हजारभर वर्षे आधी आखले, हेही विसरता कामा नये.

बारा या संख्येची पुढेही एक गंमत आहे. कोकणातील नांदगावचे गणेश दैवज्ञ यांनी १५४५ साली लीलावतीवर बुद्धिविलासिनी ही टीका लिहिली. परिघाचे प्रमाण ३९२७ व १२५० हेच का, हे सांगताना त्यांनी वर्तुळात प्रथम बारा बाजूंची आकृती बसविली. मग बाजू दुप्पट दुप्पट करीत २४, ४८, ९६, १९२ व शेवटी ३८४ पर्यंत ते गेले. बाजू जितक्या वाढतील तितकी आकृती वर्तुळास चिकटत जाते आणि तिच्या बाजूंची बेरीज परिघाच्या जवळ येते. वर्तुळाचे क्षेत्रफळ काढण्यासाठी परिघास व्यासाने गुणून चौथा हिस्सा घ्यावा, या आचार्यांच्या नियमाचीही उपपत्ती त्यांनी दिली. वर्तुळाचे दोन अर्ध करावे, प्रत्येकाच्या मध्यापासून कडेपर्यंत बारीक फाका पाडाव्या, आणि दोन्ही अर्ध उलगडून एकमेकांच्या दातांत दात बसवावे. अर्ध्या परिघाएवढा लांब व अर्ध्या व्यासाएवढा रुंद आयत तयार होतो. घरी कागद व कात्री घेऊन हा प्रयोग मुलांना करून दाखविता येण्याजोगा आहे.

पृथ्वीचा व्यास

विहिरीत उतरणे अवघड, पण अशक्य नव्हे. पृथ्वीच्या पोटातून दोरी नेणे मात्र कोणासही शक्य नाही. तरीही आचार्यांनी पृथ्वीचा व्यास दिला आहे. परिघ ४९६७ योजने व व्यास १५८१ पूर्णांक १/२४ योजने. परिघास १२५० ने गुणून ३९२७ ने भागले की हाच व्यास येतो. गोलाध्यायात रीत सांगितली आहे ती अशी. दक्षिणोत्तर एकाच रेषेवरील दोन गावे घ्यावी. दोन्ही ठिकाणचे अक्षांश वेध घेऊन काढावे. गावांमधील अंतर मोजावे. अक्षांशांच्या एवढ्या फरकास एवढे अंतर, तर ३६० अंशांस किती, असा त्रैराशिक मांडला की परिघ येतो आणि परिघावरून व्यास.

योगायोगाने पुणे व जुन्नर ही दोन गावे जवळजवळ एकाच दक्षिणोत्तर रेषेवर आहेत. पुण्याचे अक्षांश सुमारे १८ अंश ३१ कला, जुन्नरचे सुमारे १९ अंश १२ कला. फरक ४१ कला. दोहोंमधील सरळ अंतर, घाटातल्या वळणांच्या रस्त्याचे नव्हे, सुमारे ७६ किलोमीटर. ३६० अंशांच्या कला २१६००. ७६ ला २१६०० ने गुणून ४१ ने भागले की सुमारे ४००३९ किलोमीटर परिघ येतो, आणि आचार्यांच्या नियमाने व्यास सुमारे १२७४५ किलोमीटर. आज मान्य असलेला पृथ्वीचा मध्यम व्यास सुमारे १२७४२ किलोमीटर आहे. आपल्याच जिल्ह्यातील दोन गावांच्या अंतरावरून अवघ्या पृथ्वीची जाडी कळते, याचे आश्चर्य वाटल्याशिवाय राहत नाही.

पृथ्वी गोल असेल तर ती सपाट का दिसते, ही शंकाही आचार्यांनी दूर केली आहे. परिघाचा शंभरावा भाग सरळ भासतो, असे ते सांगतात. शिवनेरीवरून चहूकडे पाहणाऱ्याच्या दृष्टीस पृथ्वीचा त्याहूनही पुष्कळ लहान तुकडा पडतो. त्यास गोलपणा न दिसावा, यात नवल नाही. थोर पूर्वाचार्य चुकले असतील, तर तेही सांगण्यास भास्कराचार्य कचरत नसत. गोलाच्या पृष्ठफळाचा लल्लाचार्यांनी दिलेला नियम चुकीचा आहे, हे त्यांनी उपपत्तीसह दाखवून दिले. ज्येष्ठांचा मान राखणे आणि त्यांचे चुकीचे गणित खरे मानणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे ते जाणत होते.

पाटणचा मठ

आचार्यांचे पुत्र लक्ष्मीधर यांना यादव राजा जैत्रपाल याने आपल्याकडे नेऊन पंडितांत अग्रस्थान दिले. नातू चांगदेव हे सिंघण यादवाचे मुख्य ज्योतिषी झाले. तेराव्या शतकाच्या पहिल्या दशकात चांगदेवांनी पाटण येथे एक मठ स्थापिला. आजोबांच्या सिद्धांतशिरोमणीचे व घराण्यातील इतर ग्रंथांचे अध्यापन व्हावे, हा त्याचा हेतू होता. निकुंभवंशीय सोइदेव व त्यांचे बंधू हेमाडिदेव यांनी त्यास दान दिले. शिलालेखाचा मुख्य भाग संस्कृतात आहे, पण दानाचा तपशील त्या काळच्या मराठीत आहे. बाजारात ग्राहकांकडून राजवाड्यास जे उत्पन्न मिळे, ते मठास लावून दिले होते. चालत्या घाण्यामागे पळीभर तेलही मठास मिळे. म्हणजे आचार्यांची विद्या केवळ राजाच्या कृपेवर जगली नाही. पाटणच्या बाजारात माल घेणारा गिऱ्हाईक आणि घाणा हाकणारा तेली यांच्याही वाट्याने ती जगली. मठातल्या दिव्याखाली वर्तुळाचा व्यास काढणाऱ्या विद्यार्थ्याच्या पाठीशी अख्खा गाव उभा होता.

तो मठ आज उरलेला नाही. आपल्याकडे घोड नदीच्या काठचे जुने आंबेगावही डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेले, तालुक्याचे नाव तेवढे राहिले. वास्तू जातात, गावे जातात. शिकविलेली विद्या मात्र हस्तांतरित होत राहते. आचार्यांची विद्या कोणकोणत्या हातांतून आपल्यापर्यंत आली, हे पाहण्यासारखे आहे. गणेश दैवज्ञांनी कोकणात तिची उपपत्ती लिहिली. फैजीने ती फारसीत नेली. जॉन टेलर यांनी १८१६ साली मुंबईत लीलावतीचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केले आणि कोलब्रुक यांनी १८१७ साली दुसरे. पुण्यास जन्मलेले बापूदेव शास्त्री यांनी काशीस राहून सिद्धांतशिरोमणीच्या संशोधनात आयुष्य वेचले. डॉ. भाऊ दाजींनी शिलालेख उजेडात आणला. यांत निरनिराळ्या प्रांतांचे, ज्ञातींचे आणि धर्मांचे लोक आहेत. आचार्य आपले, असे म्हणताना या सर्वांचे ऋण आपण मान्य केले पाहिजे. गोत्राने जो वारसा मिळतो तो जन्मतःच संपूर्ण मिळतो आणि त्यासाठी काही करावे लागत नाही. विद्येचा वारसा ज्याने अभ्यास केला त्याचा. तो आपल्या घरी आपोआप येणार नाही आणि दुसऱ्याच्या घरी जाण्यापासून त्यास कोणी अडविणारही नाही.

उपसंहार

जुन्नर तालुक्याचे अंकविद्येशी असलेले नाते जुने आहे. नाणेघाटातील सातवाहनकालीन लेखात यज्ञप्रसंगी दिलेल्या दानांचे मोठमोठे आकडे कोरलेले आहेत. भारतातील अंकलेखनाच्या सर्वांत जुन्या पुराव्यांत त्यांची गणना होते. त्या अंकांत शंभरासाठी व हजारासाठी निराळी चिन्हे होती, स्थानावरून किंमत ठरत नव्हती. आचार्यांच्या काळापर्यंत दशमान स्थानपद्धती पूर्ण रुळली होती, म्हणूनच ३९२७ ने गुणणे व १२५० ने भागणे हे विद्यार्थ्याचे काम झाले. आणि आज त्याच तालुक्यात खोडद येथे आकाशातील रेडिओ लहरी टिपणाऱ्या महाकाय दुर्बिणीचे केंद्र आहे. तिच्या तीस तबकड्या असून प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर आहे. आचार्यांच्या सूक्ष्म नियमाने एका तबकडीचा परिघ १४१ मीटर ३७ सेंटिमीटर भरतो. नाणेघाट, तुळजा लेणी व खोडद ही तीन स्थळे एकाच तालुक्यात असावीत, हे आपले भाग्य होय. पण दारातल्या भाग्याकडे पाठ करून बसणाऱ्यास त्याचा काय उपयोग?

म्हणून सभासद कुटुंबांस आमची एक नम्र सूचना आहे. आचार्यांच्या प्रतिमेस हार घालण्याचा कार्यक्रम आपण करतोच. तो अवश्य करावा. परंतु त्या दिवशी घरातील मुलगे व मुली यांना एकत्र बसवून एक गोल ताट, एक दोरी व एक मोजपट्टी त्यांच्या हाती द्यावी. ताटाचा काठ दोरीने मोजून व्यास काढण्यास सांगावे. मग अर्धे ताट फडक्याने झाकून उरलेल्या काठावर ज्या व शर मोजून तोच व्यास पुन्हा काढण्यास सांगावे. दोन्ही उत्तरे जुळली की मुलांच्या चेहऱ्यावर जो आनंद दिसेल, तो आचार्यांच्या स्मृतीस खरा हार होय. शेजारचे मूल, मग ते कोणत्याही ज्ञातीचे असो, खेळावयास आले असेल, तर त्यासही त्या पंगतीत बसवून घ्यावे. ज्यांच्या घरी शिकण्याची आवड आहे पण वह्यापुस्तकांची सोय नाही, त्यांच्यासाठी प्रत्येक सधन घराने वर्षातून काही ना काही बाजूस काढून ठेवावे. पाटणच्या तेल्याने घाण्यामागे पळीभर तेल दिले होते. आपल्याला त्याहून अधिक देणे सहज शक्य आहे.

आचार्यांनी सह्याद्रीच्या आश्रयास बसून पृथ्वीची जाडी सांगितली. जे हाताशी नाही ते हाताशी असलेल्यावरून जाणावे, हीच त्यांच्या व्यासविचाराची शिकवण आहे. आपल्या पुढच्या पिढीची उंची आज आपल्याला मोजता येणार नाही. पण आज आपण तिला काय शिकवितो, यावरून तिचा अंदाज मात्र निश्चित करता येईल. तो अंदाज समाधानकारक यावा, अशी श्रीचरणी प्रार्थना करून हा लेख आम्ही पूर्ण करतो.